आधी स्लॅब, मग सगळं

अक्का, तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले आणि खरं सांगते, लोकांना वाटतं तेवढी मी रडलेली नाही. बाराव्याला आलेल्या बायका मला भिंतीला टेकवून बसवत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. "रड गे सुमन, मोकळी हो," म्हणत होत्या. त्यांना कसं सांगू, की मी मोकळीच आहे? पाठच्या बहिणीनं असं म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला कधी नव्हती, ती आता कशाला लावून घेऊ?

दुपारची शेवटची पंगत उठली, तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि भांडी घासणाऱ्या सोमीला म्हणालीस, "जरा टेकते गे." टेकलीस ती टेकलीसच. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाची वाट बघत पडणं नाही. एवढ्यासाठीसुद्धा देवाला हात जोडावेत. पण माझ्या जिवाला जी शांतता आहे ती एप्रिलमधल्या एका रविवारची आहे. तो रविवार व्हायच्या आधी तू गेली असतीस, तर आज मी हे लिहू शकले असते का, कुणास ठाऊक.

त्या रविवारपर्यंत यायचं तर मागचं थोडं बोलावं लागेल. ते वर्ष आपण दोघींनी मिळून काढलं, पण त्याबद्दल नीट कधी बोललोच नाही.

त्याआधीची तू मला अजून स्पष्ट दिसतेस. कॅसलरॉकच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरची तुझी खानावळ, बाहेर दोन बाक, आत चार टेबलं. भाऊजी लग्नानंतर सहा वर्षांत गेले, मूलबाळ नाही, आणि तू एकटीनं ही खानावळ उभी केलीस. रेल्वेची माणसं, मालगाडीचे ड्रायव्हर, पावसाळ्यानंतर डोंगर चढायला येणारी शहरातली पोरं, सगळी तुझ्याकडंच जेवायची. ताटात भात वाढताना तुझा हात कधी आखडला नाही. आखडायचा तो स्वतःसाठी.

"आधी स्लॅब, मग सगळं." हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! कौलांच्या जागी पक्कं स्लॅबचं घर, हा तुझा ध्यास. जरा हात मोकळा झाला की तू जांभ्या दगडाचे चिरे आणून टाकायचीस. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून ते रचत रचत कौलांच्या पागोळीपर्यंत गेले. त्यांच्यावर शेवाळ चढलं, नेचे उगवले. आतली खिडकी त्यांनी कधी बुजवली ते तुलाही कळलं नाही. दिवसाढवळ्या तू बल्ब लावून भाकऱ्या थापायचीस. दाढ दुखत होती म्हणून दोन वर्षं एकाच बाजूनं जेवत होतीस. मी म्हटलं, दाखव की दाताच्या डॉक्टरला. तू म्हणालीस, "स्लॅब पडू दे." दारावरून रोज गाडी घाट उतरून समुद्राकडं जायची. लांबलांबची माणसं त्या गाडीच्या खिडकीत बसायला धडपडायची, आणि तू कॅसलरॉकला वीस वर्षं राहून समुद्र बघितला नव्हतास. तेही स्लॅबनंतर.

मला तेव्हा तुझा राग यायचा. माझा हात सैल होता. रामनगरात खासगी शाळेत मराठी शिकवायची, पगार बेताचा, पण महिन्यातून एकदा माझ्या पूर्वाला घेऊन बेळगावला जायचं, कुंदा खायचा, एखादी ओढणी घ्यायची, हे ठरलेलं. पूर्वाचे बाबा कुळगीकडं सफारीची जीप चालवायचे. पर्यटक चांगले मिळाले की येताना मासळी आणायचे. सुख म्हणजे असंच, आलं की वाटून खाल्लं, असं मला वाटायचं. आणि तू मला सांगायचीस, "सुमे, वाईट दिवस सांगून येत न्हाई."

तो आला तेव्हा खरंच सांगून आला नाही. साथ आली, गाड्या थांबल्या. जंगल बंद झालं, म्हणजे जीपही बंद. शाळेनं सांगितलं, कायम असलेल्यांनाच पगार, बाकीच्यांनी वाट बघा. दोन महिने वाट बघून आम्ही खोली सोडली. पूर्वाचे बाबा खानापूरकडं भावाच्या शेतावर गेले आणि मी पूर्वाला घेऊन भाजीच्या टेम्पोतून तुझ्या दारात उतरले. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, "बरं झालं. एकटीला गमेना झालतं."

तुझी चूलही थंडच होती, ते मला संध्याकाळी कळलं. मालगाड्या चालू होत्या, पण उतरून जेवायला कुणी येत नव्हतं. जो तो आपला डबा आपल्याजवळ ठेवायचा. गॅस जपायचा म्हणून तू परसात तीन दगडांवर सरपण पेटवत होतीस.

सगळं बंद असलेल्या त्या आठ महिन्यांबद्दल आता लोक फार गोड बोलतात. घरातली माणसं जवळ आली, थोडक्यात भागतं हे कळलं, वगैरे. मागच्या वर्षी खानावळीत जेवायला आलेला एकजण असंच बोलत होता, तेव्हा तू कढी वाढता वाढता म्हणालीस, "गरिबीत सुख असतंय म्हणणाऱ्याला आठ दिस निस्ती आंबील पाजा. मग बोला म्हणावं." तो बिचारा हसला. मी नाही हसले. मला ते आठ दिवस आठवत होते.

कुणबीवाड्यातली सोमी नसती तर ते आणखी लांबले असते. आधी ती तुझ्याकडं भांडी घासायला यायची. आता काम नव्हतं, तरी दोन दिवसांआड यायची आणि टोपलीत काही ना काही असायचं. कोनफळं, मुडलीचे कंद, कधी फणसाच्या आठळ्या. तू संकोचलीस तेव्हा ती म्हणाली, "बाये, आमचें कितें, आमचें सदांचेंच." आमचं काय, आमचं रोजचंच आहे. तिनं ते दुःखानंही सांगितलं नाही आणि मिरवूनही नाही. पण तू त्या दिवशी तिचे कंद एकेक हातात घेऊन बघत बसलीस. आपण ज्या दिवसाच्या भीतीनं उभा जन्म हात आखडून जगलो, त्या दिवसात ही बाई रोजच राहते, असं काही तुझ्या मनात आलं असावं. 

मग तो पूर्वाचा प्रसंग. तो लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय माझं. लिहिते.

पूर्वा सातवीत होती. वाढतं वय, भूक तर अशी की बघत राहावं. दुपारी आपण तिघी जेवायला बसलो होतो. भात आणि कंदाची आमटी. तिनं दुसऱ्यांदा भाताला हात घातला आणि तू म्हणालीस, "पुरे की आता. सगळ्यांना पुराय पायजे."

पोरीनं हात मागं घेतला. ताट उचललं आणि बाहेर गेली. मी मध्ये पडले नाही, कारण तू बरोबरच होतीस. भांड्यात तेवढाच भात होता. पण तुझा चेहरा मी बघितला. एवढ्या वर्षांत परक्या माणसाच्या ताटावरसुद्धा तू तो शब्द उच्चारला नव्हतास. तू तुझा भात तसाच ठेवलास, मागच्या दारात गेलीस आणि त्या चिऱ्यांकडं बघत उभी राहिलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू फोन फिरवलास. तिनईघाटाकडं कुणालातरी कंपाउंडची भिंत बांधायची होती.

"सुमे, चिरं काढून टाकायचं."

"आणि घर?"

"घर हाय की. बसलोय न्हवं त्यात?"

मी तुला अडवलं. आठवतं? तुझ्यापेक्षा मलाच रडू येत होतं. एवढ्या वर्षांचं तुझं घर ट्रकात चढताना मला बघवेना. दोन माणसं दिवसभर चिरे उचलत होती. एकेक चिरा निघाला की खालून गोम, विंचू, ओल्या मातीचा वास. तू कमरेवर हात ठेवून उभी. दुपारी तिनाच्या सुमाराला खिडकीसमोरची शेवटची रांग निघाली आणि स्वयंपाकघरात ऊन आलं. ओट्यावर, कळशीवर, समोरच्या काळ्या भिंतीवर. कोपऱ्यात जाळी किती होती ते त्या दिवशी दिसलं.

तू आत आलीस, खाली बसलीस आणि हसायला लागलीस. "व्हय गं, इतकी वर्सं मी काळोखात सैपाक करत होते?"

त्या संध्याकाळी अंड्याची आमटी होती. तू पूर्वाच्या ताटात भात वाढलास, परत वाढलास, ती नको म्हणाली तरी वाढलास. त्या रात्री तू घोरत झोपलीस. मी मात्र जागी होते. आता विकायला काही उरलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

अक्का, मला वाटतं तिथंच आपल्या वाटा फुटल्या. एकाच वर्षानं, एकाच चुलीपुढं बसवून आपल्याला दोन वेगळे धडे दिले. तुला कळलं, की वाईट दिवस येतो आणि माणूस त्यातून बाहेर पडतं. मला कळलं, की तो येतो.

गाड्या सुरू झाल्या, पोरं परत डोंगर चढायला आली, तुझी टेबलं भरली. पहिल्या महिन्यात तू लोंढ्याला जाऊन दाढेचं काम करून आलीस आणि दोन्ही बाजूंनी चावून शेंगदाणे खाऊन दाखवलेस. मग सोमवारी खानावळ बंद ठेवायला लागलीस. मग एका सोमवारी सोमीला घेऊन गाडीत बसलीस आणि समुद्र बघून आलीस. फोनवर मी विचारलं, कसा होता? म्हणालीस, "लई मोठा हाय गे. आणि कुणाच्याच बाचा न्हाई." येताना मासळीबाजारातून सुकी सुंगटं आणलीस, ती आठवडाभर खानावळीत फुकट वाढलीस. रिकाम्या झालेल्या परसात तू भेंडी लावलीस, अबोली लावलीस. चिरे पुन्हा आणले नाहीस.

आणि मी? रामनगरात माझी नोकरी परत मिळाली. मी शिकवण्या धरल्या, संध्याकाळच्या आणि रविवारच्याही. बेळगावच्या फेऱ्या बंद. पूर्वाची चप्पल शिवून शिवून वापरायची. पूर्वाच्या बाबांनी एकदा नंदिगड्ड्याच्या जत्रेतून मला बांगड्या आणल्या तर मी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. मला वाटायचं, मी शहाणी झाले. सुख वगैरे नंतर. आधी उशाला काहीतरी असलं पाहिजे.

मागच्या डिसेंबरात कॉलेजची म्हैसूरला सहल निघाली. मी पूर्वाला नाही म्हटलं. तिनं तुला सांगितलं आणि तू पैसे भरून मोकळी झालीस. मी तिरमिरीत सकाळची गाडी धरून तुझ्याकडं आले. तू वरणाला फोडणी देत होतीस.

"मला इचारून दिलेस काय पैसे?"

"पोरगी बघून येऊ दे की गे. वय हाय तिचं."

"आणि परत तसलं वर्स आलं तर?"

"आलं तर आलं. एकदा बघितलंय न्हवं? मेलो काय आपण?"

आणि मी म्हटलं, "तुला काय होतंय बोलायला? तुझ्या मागं कोण हाय? पोर ना बाळ. उधळ तू."

सोमी भांडी घासत होती, तिचा हात थांबला. तू फोडणीचं भांडं खाली ठेवलंस, गॅस बंद केलास. मला वाटलं आता तू मला घराबाहेर काढशील. काढलं असतंस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "जेवून जा."

मी जेवले नाही. स्टेशनवर जाऊन बसले. गाडीला दोन तास होते आणि तुझी खानावळ समोर दिसत होती. तू एकदाही बाहेर आली नाहीस. मीही उठून गेले नाही. दोन तास, अक्का. रस्ता ओलांडायला दोन मिनिटंही लागली नसती.

मग चार महिने गेले. पूर्वा तुला फोन करायची. मी शेजारच्या खोलीत कान देऊन बसायची. एकदा शिकवणीच्या पोराला मी फीसाठी सगळ्यांसमोर बोलले, तो रडत घरी गेला. पूर्वानं ते ऐकलं. रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "आई, तू मावशीसारखी झालीस. आधीच्या मावशीसारखी." मी तिच्यावर ओरडले. मग कळलं, की हे खोटं आहे. आधीची तूसुद्धा दुसऱ्याच्या पोराला कधी रडवलं नसतंस. मी तुझ्यापेक्षा वाईट झाले होते.

त्या रविवारी मी शिकवणी बंद ठेवली. कॅसलरॉकला उतरले तेव्हा गोव्याकडून आलेली एक बाई फलाटावर मानकुराद आंबे घेऊन बसली होती. मानकुरादचा भाव काय असतो ते तुला मी सांगायला नको. मी डझनभर घेतले, घासाघीस केली नाही. नोटा तेवढ्या दोनदा मोजल्या आणि दिल्या.

तू दारात होतीस. माझ्याकडं बघितलंस, मग आंब्यांकडं.

"कितीला घेतलीस?"

"न्हाई सांगणार."

"बया! म्हंजे लुटलं तुला."

आणि तुला हसू फुटलं. मलाही. चार महिन्यांचं ओझं त्या एका हसण्यात गेलं असं म्हणणार नाही. पण ते उचलून बाजूला ठेवता आलं.

आपण परसात बसलो, अबोलीजवळ. आंबे चोखत. मी दोनदा सुरुवात केली. "अक्का, मी डिसेंबरात जे बोलले..."

"खा गे. गार व्हतंय."

"आंबा गार होतंय?"

खानावळवालीची सवय! तुला तुझंच हसू आवरेना, रस कोपरापर्यंत ओघळला. माफी तशीच राहून गेली. आता राहूनच गेली. पण तू ती मागू दिली नाहीस, आणि मला आता कळतं की तुला ती ऐकायची नव्हती म्हणून नव्हे. तुला ती पोचली होती.

मग तूच बोललीस, कोय चाटता चाटता, तिसरीकडंच बघत. "पैसा पायजे, सुमे. मी न्हाई कुठं म्हणतीया? पैसा नसला की माणूस पोराच्या ताटातला घास मोजतंय. मी मोजला. ते मेल्याबिगर जात न्हाई. पण त्या पैशापायी मी खिडकी बुजवून बसले होते, ते बी खरं हाय."

मी म्हटलं, "मला भीती वाटतीया अक्का. अजून."

"वाटू दे की. भीती वाटतीया म्हणून कोण जेवायचं सोडतंय?"

वाद तिथं संपला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत आपण भांडत होतो, विमा काढावा की नाही, खानावळीला नवा फ्रीज घ्यावा की नाही. मी अजूनही म्हणेन की तू विमा काढायला हवा होतास. तू अजूनही म्हणशील, "गप गे." तो वाद तुझ्याकडं तसाच राहू दे.

पण एक सांगायचं राहिलं ते आता सांगते. तुझ्या मागं कोण आहे, असं मी विचारलं होतं ना? त्या दिवशी स्मशानात रेल्वेची माणसं होती. मालगाडीचे दोन ड्रायव्हर ड्यूटी बदलून आले होते. कुणबीवाड्यातल्या बायका, ज्या एरवी तिकडं जात नाहीत, त्या पायवाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. आणि मडकं पूर्वानं धरलं. एक म्हातारबा कुरकुरला, पोरीनं कशाला? पूर्वाचे बाबा म्हणाले, "तिचीच मावशी हाय. धरू दे." पोरगी डगमगली नाही. मी त्या सगळ्यांकडं बघितलं आणि मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. पण ती लाज जाळणारी नव्हती. उत्तर मिळाल्यावर वाटते तशी होती.

माझी शाळा परवापासून सुरू झाली. पूर्वाचे बाबा आज सकाळी मला न्यायला इथं तुझ्या घरी आले होते. जीप बाहेर उभी करून, किल्ली हातात फिरवत दारातच थांबले. मी त्यांना म्हटलं, मी शाळेत फोन केलाय, अजून चार दिवस येत नाही. सोमीबरोबर बसून खानावळीचं काय करायचं ते ठरवायचंय. आणि काही ठरलं नाही तर नुसतीच बसणार आहे.

ते म्हणाले, "रजा शिल्लक न्हाई तुझी. पगार कापतील."

मी म्हटलं, "कापू देत."

त्यांनी मग किल्ली खिशात टाकली, चपला काढल्या आणि आत आले.